विश्लेषण : इंजिन अमेरिकेचे, बॉडी लंडनची, मालक इंदूरचे... होळकरांची ‘ड्यूसेनबर्ग’ एवढी वेगळी का?

तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या परिसरात मँगनीज भरलेले ट्रक दिवसभर दिसतात. त्यातला एखादा जुना ट्रक नीट पाहा. इंजिन, चाके आणि खालची चेसिस कंपनीची असते. वरची बॉडी मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी बांधलेली असते. मालक कंपनीकडून नुसती चेसिस घेतो, ती बॉडी बांधणाऱ्याच्या गॅरेजात नेतो आणि तिथे फळ्या किती उंच हव्यात, रंग कोणता, कपाळावर देवाचे नाव काय, हे सगळे सांगून करून घेतो.

नव्वद वर्षांपूर्वी जगातल्या सर्वात महागड्या मोटारीही अशाच घेतल्या जात. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीकडून चेसिस घेतली, लंडनमध्ये तिच्यावर बॉडी चढवून घेतली आणि त्यातून जी नारंगी-काळी दोन आसनांची गाडी तयार झाली, तिची गणना आजही जगातल्या सर्वात देखण्या आणि सर्वात विचित्र स्पोर्ट्स कारमध्ये होते. मोटारींच्या इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत ती ‘इंदूरच्या महाराजांची ड्यूसेनबर्ग’ याच नावाने ओळखली जाते. आपल्याकडे मात्र होळकर म्हटले की मल्हारराव, अहिल्यादेवी आणि फार तर रणजी करंडक आठवतो.

ड्यूसेनबर्ग ही कंपनी कोणाची?

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे दोघे भाऊ जर्मनीतून लहानपणी अमेरिकेत आले आणि आयोवा राज्यात वाढले. शिक्षण बेताचे. सुरुवात सायकलींपासून, मग शर्यतीच्या गाड्या. १९२१ साली त्यांच्या गाडीने फ्रान्सची ग्रां प्री जिंकली. अमेरिकी गाडीने युरोपात मिळवलेले ते पहिले मोठे यश होते. १९२४, १९२५ आणि १९२७ या वर्षी इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही त्यांच्याच गाड्यांनी जिंकली. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली गाडी त्यांनी १९२१ मध्येच बाजारात आणली होती. आज आपल्या साध्या गाडीतही ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने तो चाकापर्यंत पोहोचतो, त्या पद्धतीची ही सुरुवात.

भावांना इंजिन कळत होते, धंदा कळत नव्हता. कंपनी अडचणीत आली आणि १९२६ मध्ये एरेट लॉबन कॉर्ड या उद्योजकाने ती विकत घेतली. त्याने फ्रेडला सांगितले, की जगातली सर्वोत्तम गाडी बनव, खर्चाचे मी बघतो. त्यातून ‘मॉडेल जे’ तयार झाले आणि डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ते लोकांसमोर आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. जगातली सर्वात महाग गाडी काढायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

‘मॉडेल जे’ एकूण सुमारे ४८० बनल्या. चित्रपटातले तारे, कारखानदार आणि राजेरजवाडे हेच गिऱ्हाईक. १९३७ मध्ये कंपनी बंद पडली. होळकरांची गाडी या शेवटच्या दोन-तीन वर्षांतली आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

इंजिनात एवढे विशेष काय होते?

सरळ रांगेत आठ सिलिंडर आणि आकार सुमारे ६.९ लिटर. टाटाच्या ट्रकमध्ये वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या ५.९ लिटरच्या कमिन्स इंजिनापेक्षाही हे इंजिन मोठे होते. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि वर दोन कॅमशाफ्ट ही रचना त्या काळी शर्यतीच्या गाडीत असे. आज ती रचना लाखो साध्या गाड्यांत आहे, म्हणून तिचे अप्रूप वाटत नाही. १९३२ मध्ये फोर्डने आणलेल्या व्ही-एट गाडीची ताकद ६५ हॉर्सपॉवर होती आणि लोक तिला वेगवान म्हणत. ड्यूसेनबर्ग ‘जे’ची ताकद कंपनीच्या सांगण्यानुसार २६५ हॉर्सपॉवर होती.

एवढ्यावर समाधान झाले नाही म्हणून १९३२ मध्ये ‘एसजे’ आली. यातला ‘एस’ सुपरचार्जरचा. इंजिनाला पेट्रोल जाळायला हवा लागते; हवा जितकी जास्त कोंबता येईल तितके जास्त पेट्रोल जळते आणि ताकद वाढते. लोहाराचा भाता निखाऱ्यांवर करतो तेच काम. फरक इतकाच की हा भाता म्हणजे इंजिनावरच चालणारा एक पंखा होता आणि तो इंजिनाच्या पाचपट वेगाने फिरे. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तेव्हा पंखा २०,००० फेरे घेई. ताकद ३२० हॉर्सपॉवरवर गेली. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या ८०-९० हॉर्सपॉवरच्या असतात.

या सुपरचार्जरमुळे गाडीचे रूपही बदलले. बॉनेटखाली जागा उरली नाही, म्हणून धूर वाहून नेणाऱ्या चार जाड, चकचकीत नळ्या बॉनेटच्या बाजूने बाहेर काढाव्या लागल्या. अडचणीतून निघालेली ही वाट लोकांना इतकी आवडली की पुढे सुपरचार्जर नसलेल्या गाड्यांचे मालकही नुसत्या शोभेसाठी तशा नळ्या बसवून घेऊ लागले. आपल्याकडे साध्या बाइकला मोठा सायलेन्सर लावून फिरणाऱ्यांना हे लगेच समजेल.

‘एसजे’ प्रकारच्या गाड्या जेमतेम तीन डझन बनल्या. त्यांच्या वेगाविषयी कंपनीचे दावे मोठे होते आणि विक्रेत्याच्या दाव्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न तेव्हाही होताच. पण १९३५ मध्ये अब जेन्किन्स या चालकाने खास बनवलेली ‘एसजे’ बॉनव्हिलच्या मिठागरावर सलग २४ तास पळवली आणि सरासरी ताशी सुमारे २१८ किलोमीटर वेग गाठला. दावा अगदीच हवेतला नव्हता. या वेगाची दुसरी बाजूही आहे. फ्रेड ड्यूसेनबर्ग स्वतः १९३२ मध्ये ‘एसजे’ चालवताना झालेल्या अपघातानंतर दगावला.

चालकासमोरच्या फळीवर वेग आणि पेट्रोलच्या काट्यांबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटा आणि स्टॉपवॉच असे. चेसिसच्या सांध्यांना ठरावीक अंतरानंतर आपोआप ग्रीस-तेल मिळे आणि इंजिनातले तेल बदलायची किंवा बॅटरीत पाणी घालायची वेळ झाली की दिवा लागे. सर्व्हिसची आठवण करून देणारा असा दिवा आपल्या गाड्यांत यायला पुढे अर्धे शतक जावे लागले.

मग बॉडी लंडनला कशाला?

ड्यूसेनबर्ग कंपनी साधारणपणे चेसिसच विकत असे. १९२८ मध्ये नुसत्या चेसिसची किंमत ८,५०० डॉलर होती. त्या वेळच्या विनिमय दराने हे साधारण २३ हजार रुपये होतात. बॉडीचा खर्च वेगळा, तो हजारो डॉलरमध्ये. त्याच काळात फोर्डची नवी कोरी गाडी ५०० डॉलरच्या आसपास मिळत होती.

अमेरिकेत चांगले बॉडी बांधणारे पुष्कळ होते. होळकरांनी मात्र चेसिस लंडनच्या ‘जे. गर्नी नटिंग’ या कारखान्याकडे पाठवली. या कारखान्याला ब्रिटिश राजघराण्याची कामे मिळत. वुल्फ बर्नाटो या शर्यतपटूच्या बेंटलीवर त्यांनी बांधलेली उतरत्या छपराची बॉडी तेव्हा गाजत होती. कारखान्याचा मुख्य आरेखक ए. एफ. मॅकनील. त्याने होळकरांच्या गाडीची रेघ काढली.

इथे गाडीचा खरा विचित्रपणा सुरू होतो. ड्यूसेनबर्ग चेसिस दोन लांबीच्या मिळत. आखूड चेसिसवर स्पोर्ट्स कार आणि लांब चेसिसवर सात जण बसतील अशी, ड्रायव्हरची जागा वेगळी असलेली मोठी गाडी, असा सर्वसाधारण रिवाज. होळकरांनी लांब चेसिस घेतली आणि तिच्यावर फक्त दोन माणसांची उघडी गाडी बांधून घेतली. या चेसिसवर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर १५३.५ इंच, म्हणजे सुमारे ३.९ मीटर. आजची अख्खी मारुती स्विफ्ट, पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत, ३.८६ मीटर भरते. म्हणजे या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये एक स्विफ्ट उभी राहील, आणि एवढ्या लांबीत बसायला जागा दोघांना.

उरलेल्या लांबीचे काय केले? ती सगळी रूपासाठी खर्ची घातली. बॉनेट लांबच लांब. बसायची जागा पार मागे, मागच्या चाकांकडे सरकलेली. त्यापुढे निमुळती होत गेलेली शेपूट. चाकांवरचे मडगार्ड पाण्याच्या थेंबासारखे, पुढे फुगीर आणि मागे ओघळत गेलेले. बाजूने पाहिले तर गाडी उभी असतानाही पुढे झेपावल्यासारखी दिसते. नारंगी आणि काळ्या रंगाच्या जोडीने ही लांबी आणखी उठून दिसते. त्या काळच्या रिवाजानुसार अशा बॉडीचा सांगाडा लाकडी असे आणि पत्रे कारागीर हाताने ठोकून वळवत. साचा नाही, प्रेस नाही. म्हणून अशा गाडीसारखी दुसरी गाडी नसते.

तुलनेसाठी त्याच वर्षांतल्या आणखी दोन ड्यूसेनबर्ग पाहण्यासारख्या आहेत. कंपनीने चेसिस मुद्दाम १२५ इंचांपर्यंत आखूड करून दोन गाड्या बनवल्या. त्या चित्रपट अभिनेते गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल यांच्याकडे गेल्या. वेगाच्या हिशेबाने तोच शहाणपणा होता. गाडी आखूड तर वजन कमी आणि वळण सोपे. कूपर यांची गाडी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात २.२ कोटी डॉलरला विकली गेली. होळकरांची गाडी याच्या बरोबर उलट्या टोकाची. ताकद शर्यतीची, लांबी राजवाड्याच्या पोर्चमध्ये उभी करायच्या गाडीची. अभियंत्याला विचाराल तर तो डोक्याला हात लावेल. पण डोळ्यांना विचाराल तर मॅकनीलने केले ते बरोबर होते, असे मला वाटते.

हे यशवंतराव होळकर कोण?

जन्म ६ सप्टेंबर १९०८, इंदूर. शिक्षण इंग्लंडमध्ये, पुढे ऑक्सफर्डला. गादी मिळाली ती अवघ्या सतराव्या वर्षी आणि तीही वाईट प्रसंगातून. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची हत्या झाली. इंदूर दरबार सोडून आलेली नर्तकी मुमताज बेगम त्याच्यासोबत गाडीत होती. हल्लेखोर दुसऱ्या मोटारीतून आले आणि त्यांनी बावलाची गाडी अडवली. या प्रकरणाचे धागे इंदूरकडे जात असल्याने ब्रिटिश सरकारने महाराज तुकोजीरावांपुढे चौकशी किंवा पदत्याग असे दोन पर्याय ठेवले. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली आणि मुलाला ती मिळाली. पूर्ण अधिकार हाती यायला १९३० उजाडले.

यशवंतरावांच्या पत्नी संयोगिताराजे कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. हे दांपत्य युरोपात जिथे जाई तिथे चर्चेचा विषय होई. मॅन रे या छायाचित्रकाराने त्यांचे फोटो काढले. बर्नार्ड बुते द मोन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन मोठी चित्रे रंगवली. एकात ते काळ्या पाश्चात्त्य पोशाखात उभे आहेत. दुसऱ्यात पांढरा मराठी दरबारी पोशाख, डोक्याला पगडी, मांडी घालून गादीवर बसलेले. चेहरा तोच, शांत आणि थोडा कंटाळलेला. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की गाडी समजायला सोपी जाते. या माणसाला दोन्ही जगांत वावरायचे होते आणि दोन्हीकडे कुणाची नक्कल करायची नव्हती.

इंदूरमध्ये त्यांनी माणिकबाग नावाचा राजवाडा बांधून घेतला. वास्तुविशारद होता एकार्ट मुथेसियस हा त्यांच्याच वयाचा तरुण जर्मन. राजवाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे कोरीव खांब, झुंबरे, वाघाची कातडी यातले काहीही तिथे नव्हते. सरळ रेषा, धातूच्या नळ्यांचे फर्निचर, वातानुकूलन. ल कॉर्बुझिए, आयलीन ग्रे, रुलमन अशा मोठ्या नावांच्या वस्तू त्या घरात रोजच्या वापरात होत्या. ब्रांकुसी या शिल्पकाराची ‘अवकाशातला पक्षी’ ही शिल्पे यशवंतरावांनी घेतली होती. त्यांच्यासाठी इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर उभारायची कल्पनाही पुढे गेली होती, ती प्रत्यक्षात आली नाही. त्या शिल्पाचा गुळगुळीत, निमुळता आकार आणि ड्यूसेनबर्गची शेपूट यांच्यात मला तरी नाते दिसते.

विदर्भातल्या वाचकांना होळकरांचा आणखी एक धागा जवळचा वाटेल. नागपूरला जन्मलेले कर्नल सी. के. नायडू हे होळकर दरबाराच्या सेवेत होते आणि त्यांच्या काळातल्या होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. चांगली बॅट, चांगली इमारत आणि चांगले इंजिन ओळखायची नजर यशवंतरावांकडे होती, एवढे नक्की.

राजाने स्वतः गाडी चालवणे यात नवल ते काय?

संस्थानिक आणि मोटार म्हटले की साधारण तीन प्रकार आठवतात. मिरवणुकीची चांदी-सोन्याने मढवलेली गाडी. शिकारीची, सर्चलाइट आणि बंदुका ठेवायची सोय असलेली गाडी. आणि राणीवशासाठी पडदे लावलेली गाडी. तिन्हींत राजा मागे बसतो, चालवतो दुसरा. हत्तीवरची अंबारी उतरवून चाकांवर ठेवावी, तसे ते वाहन. (एका महाराजांनी शोरूममध्ये अपमान झाला म्हणून रोल्स-रॉईस गाड्या कचरा उचलायला लावल्या, ही व्हॉट्सॲपवर दर सहा महिन्यांनी येणारी गोष्ट दंतकथाच समजावी. त्यासोबतच्या फोटोंना भुलू नये.)

होळकरांची ड्यूसेनबर्ग या तिन्हींत बसत नाही. तिला मागची सीटच नाही. ड्रायव्हर, हुजऱ्या, अंगरक्षक यांना जागा नाही. मालक स्वतः स्टिअरिंगवर बसेल आणि शेजारी फार तर एक जण, असे गृहीत धरून ती बांधली गेली. १९ तोफांच्या सलामीचा मान असलेला राजा एकट्याने गाडी घेऊन निघणार, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. शिवाय ती गाडी सोपीही नव्हती. चेसिससकट वजन अडीच टनांच्या आसपास, तीनच गिअर, पॉवर स्टिअरिंग नाही. चालवणाऱ्याच्या दंडात जोर हवा.

यशवंतरावांकडे इतरही नावाजलेल्या गाड्या होत्या. अल्फा रोमिओची ‘८सी २९००बी’ ही युद्धापूर्वीची अव्वल स्पोर्ट्स कार त्यांच्याकडे होती, हिस्पानो-सुइझा होती. पण त्या प्रकारच्या गाड्या इतरांकडेही होत्या. अशी ड्यूसेनबर्ग दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

पैसा कोणाचा?

हा प्रश्न टाळून ही गोष्ट सांगता येत नाही. इंदूर हे मोठे आणि तुलनेने सधन संस्थान. कापसाच्या गिरण्या होत्या, शेतसारा होता. राजाची हौस भागत होती ती अखेर माळव्यातल्या शेतकऱ्याच्या आणि गिरणी कामगाराच्या घामावर. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव पडलेले असताना चेसिस इंडियानापोलिसहून लंडनला आणि गाडी लंडनहून इंदूरला येत होती. कलेचा आश्रयदाता म्हणून युरोपातली पुस्तके यशवंतरावांचे कौतुक करतात, ते खोटे नाही. पण त्या कौतुकात हा हिशेब सहसा येत नाही.

चिखल्याच्या वाचकाला यातला एक धागा आपल्या जमिनीतही सापडेल. पोलाद बनवताना त्यातले गंधक आणि प्राणवायू काढायला, ते मजबूत करायला मँगनीज लागतेच. त्याला पर्याय नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जगाला मँगनीज पुरवणाऱ्या देशांत रशियाबरोबर भारताचे नाव होते आणि भारतातले बरेचसे मँगनीज भंडारा, बालाघाट, नागपूर या पट्ट्यातून निघे. १८९६ मध्ये सुरू झालेली ब्रिटिश कंपनी ते खणून जहाजाने परदेशी पाठवत होती. १९६२ मध्ये त्याच खाणींतून आजची ‘मॉईल’ उभी राहिली. म्हणजे भंडाऱ्यातून माती टनाच्या भावाने बाहेर जात होती आणि तिच्यामुळे घट्ट झालेले पोलाद चेसिस, इंजिन, रेल्वे बनून देशात परत येत होते. माती खणणारा मजूर आणि चेसिस घेणारा महाराज दोघेही भारतीय. मधला सगळा नफा दुसऱ्यांचा.

गाडी आता कुठे आहे?

भारतात नाही. १९३७ मध्ये संयोगिताराजेंचे स्वित्झर्लंडमध्ये तरुणपणीच निधन झाले. पुढे युद्ध आले, मग स्वातंत्र्य. १९४८ मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झाले, यशवंतराव काही वर्षे त्या राज्याचे उपराजप्रमुख होते आणि १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. ड्यूसेनबर्ग अमेरिकेत परतली. ज्या देशात तिचे इंजिन बनले तिथेच आज ती संग्राहकांकडे आहे आणि अधूनमधून प्रदर्शनांत दिसते.

माणिकबागेतल्या वस्तूंचेही तेच झाले. १९८० मध्ये मोन्टे कार्लोच्या लिलावात त्यातल्या बऱ्याच विकल्या गेल्या. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाने यशवंतरावांवर मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा इंदूरच्या खुर्च्या पाहायला रांगा लागल्या, पण त्या पॅरिसमध्ये. खुद्द माणिकबागेत आधी केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचे आणि आता जीएसटीचे कार्यालय आहे.

असे का झाले याला एकच कारण नाही. संस्थाने गेल्यावर गाड्या सांभाळणे परवडेनासे झाले. १९७१ मध्ये तनखेही बंद झाले. सुटे भाग मिळत नव्हते, आयातीवर बंधने होती, पेट्रोल महाग होते. परदेशी दलाल मात्र चेकबुक घेऊन राजवाड्यांच्या दारात उभे होते. भंगाराच्या भावात गेलेल्या गाड्या पुढे लाखो डॉलरच्या झाल्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, पण तोवर उत्तमोत्तम गाड्या गेल्या होत्या.

सगळ्याच गेल्या असेही नाही. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक ही १९३०च्या दशकातली जर्मन गाडी अजून कोल्हापुरातच आहे. दरवर्षी दसऱ्याला ती न्यू पॅलेसमधून निघते आणि दसरा चौकात सोने लुटायला जमलेले हजारो लोक ती पाहतात. बाजारभावाने किंवा वेगाने ती ड्यूसेनबर्गची बरोबरी करेल की नाही, हा वाद निराळा. पण कागलपासून तासाभराच्या आत असलेल्या या चौकात कुणीही उभे राहून ती फुकट पाहू शकतो. इंदूरच्या माणसाला आपल्या महाराजांची गाडी पाहायची तर अमेरिकेचा व्हिसा काढावा लागतो.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर?

ड्यूसेनबर्ग कुणाच्या गोठ्यात सापडणार नाही. पण आजोबांची फियाट, लॅम्ब्रेटा, बुलेट किंवा विलीज जीप विदर्भातल्या अनेक वाड्यांत ताडपत्रीखाली उभी आहे. ती भंगारात घालण्यापूर्वी एक नियम माहीत असावा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत बदल करून ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीची वेगळी पद्धत आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी यात बसते.

ज्या गाडीची नोंदणी आधीपासून आहे, तिचा जुना क्रमांक तसाच ठेवता येतो. बाजारातल्या जाणकारांच्या मते अशा जुन्या क्रमांकामुळे गाडीची किंमत वाढते, म्हणून तो बदलायची घाई करू नये. नव्याने नोंदणी होत असेल तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि ती दहा वर्षे चालते. पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार रुपये. विक्री करता येते, मात्र परिवहन कार्यालयाला कळवावे लागते.

अट एकच मोठी आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.